लोपेरामाइड: जुलाब थांबवणारी गोळी

लोपेरामाइड हे अफूसारखे काम करणारे, पण अफूपासून न काढलेले औषध आहे. बेल्जियममधील यान्सेन कंपनीच्या प्रयोगशाळेत ते १९६९ मध्ये तयार झाले. तिथलेच आधीचे डायफेनॉक्सिलेट 'लोमोटिल' या नावाने परिचित आहे. नशेसाठी कोणी मूठभर गोळ्या खाऊ नयेत म्हणून त्यात किंचित अॅट्रोपिन घालतात.

लोपेरामाइड आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंच्या म्यू ग्राहींना चिकटते. अॅसिटिलकोलीन कमी सुटते, आतड्याची हालचाल मंदावते आणि मळ आत रेंगाळल्याने पाणी व क्षार शोषले जातात. नशा चढत नाही, कारण बरेचसे औषध यकृतातच मोडते आणि मेंदूकडे निघालेले पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा रेणू बाहेर ढकलतो. मात्रा अफाट वाढली की हा पहारा अपुरा पडतो. हृदयाची लय बिघडून जीवही जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तसा इशारा दिला.

अंगाशी येते ती मात्र साधी घाई. बुऱ्हाणपुरात पहिल्या पावसानंतर पोट बिघडले की मेडिकलवरून गोळी आणायची, गिळायची आणि भुसावळची गाडी गाठायची, असे अनेकांचे चालते. जुलाब थांबतात, पण शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर जंतू आतच कोंडले जातात. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखे फुगते, वारा सरत नाही, उलट्या सुरू होतात. अशा वेळी दुसरी गोळी न घेता दवाखाना गाठावा. प्रतिजैविके घेताना लागलेल्या जुलाबांतही ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

रक्त-ताप नसलेल्या साध्या जुलाबांत प्रौढांनी आधी ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम घ्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. दोन दिवसांत उतार नसेल तर तपासून घ्यावे.

लहान मुलांना ही गोळी देऊच नये, तुकडा करूनही नाही. पाकिस्तानात याच औषधाच्या थेंबांनी तान्ह्या बाळांची आतडी लुळी पडून मृत्यू झाल्याचे १९९० च्या सुमारास उघड झाले. भारतातही मुलांसाठीच्या अशा औषधांवर बंदी आहे. मुलाला हवे असते ते ओआरएस: मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, घोट घोट. सोबत झिंक आणि अंगावरचे दूध चालू. प्रौढांनाही गोळीआधी हेच पाणी हवे, कारण गोळी शरीरातून आधीच गेलेले पाणी भरून काढत नाही.

चुकून जास्त गोळ्या गेल्या तर नॅलोक्सोन हा उतारा आहे. त्याचा असर लोपेरामाइडच्या आधी ओसरतो, म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी निदान एक दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावा लागतो.