*थंडीतली रोपवाटिका: आत्ताची कामं आणि उन्हाळी रोपांचं नियोजन*



सध्या पहाटे गारठा वाढला आहे. घरची छोटी रोपवाटिका असणाऱ्या सभासदांसाठी हा मेसेज. कलिंगड, मिरचीच्या रोपांची मागणी आता सुरू होईल. गिऱ्हाईकानं मल्चिंग, ड्रिप टाकून वावर तयार ठेवलं आणि आपलं रोप आठ दिवस मागे राहिलं, तर त्याचा हंगाम जातो आणि आपलं नावही. म्हणून हिशोब आधी करा.

*1️⃣ तारीख उलटी मोजा*
थंडीत उगवण आणि वाढ दोन्ही मंद होतात.
▪️ कलिंगड: एरवी 12-15 दिवस, थंडीत 18-20 दिवस. लागवड 25 जानेवारीला असेल तर पेरणी 5 ते 7 जानेवारी.
▪️ मिरची: एरवी 35-40 दिवस, थंडीत 45 दिवस धरा. 10 फेब्रुवारीच्या लागवडीसाठी 27 डिसेंबरला ट्रे भरलेले पाहिजेत.
▪️ मे महिन्यातली मल्चिंगवरची मिरची: 15 मेच्या लागवडीसाठी पेरणी 5 ते 10 एप्रिल.

कलिंगडाचं रोप ट्रेमध्ये थांबत नाही. वेल सुटला, मुळं गुंडाळली की लावल्यावर ते बसून राहतं. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा: बेड झाले का? पाणी विहिरीचं की नळगंगेच्या कालव्याचं? पाळी कधी आहे? त्यानुसार पेरा.

*2️⃣ ट्रे किती लागतील?*
कलिंगड 6 × सव्वा फूट अंतरावर एकरी सुमारे 5,800 रोपं. 98 कप्प्यांचे 60 ट्रे झाले. मर-तूट 10 टक्के धरून *66 ट्रे* भरा. कोकोपीटची 5 किलोची वीट चांगली भिजवली की साधारण 25-30 ट्रे भरतात, म्हणजे एकराला 3 विटा.

*3️⃣ आत्ता करायची कामं*
▪️ जुने ट्रे घासून धुवा, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा, परत साध्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. मर रोग जुन्या ट्रेमधूनही येतो.
▪️ शेडनेटची फाटकी जाळी शिवून घ्या. दार नीट बंद होतं का बघा.
▪️ आजूबाजूची जुनी मिरची, वांगी, उभी पऱ्हाटी काढून टाका. त्यावरची पांढरी माशी आणि फुलकिडे थेट आपल्या रोपांवर येतात आणि चुरडा-मुरडा रोपासोबतच गिऱ्हाईकाच्या वावरात जातो.
▪️ आत पिवळे आणि निळे चिकट सापळे लावा.

*4️⃣ गारठ्यात रोप कसं सांभाळाल?*
▪️ पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकनं झाका, शक्यतो बंद खोलीत. कलिंगड चौथ्या दिवसापासून रोज उघडून बघा. कोंब दिसला की लगेच ट्रे पसरा. एक दिवस उशीर झाला तरी रोप लांबट होतं.
▪️ रात्री कमानीवर प्लास्टिक टाका, सकाळी ऊन आलं की काढा. दिवसभर झाकलं तर आत ओल कोंडते.
▪️ टाकीत रात्रभर गार झालेलं पाणी देऊ नका. विहीर-बोअरचं ताजं पाणी ऊन पडल्यावर द्या. *संध्याकाळी पाणी नको.*
▪️ बुडाशी रोप काळं पडून आडवं होत असेल तर ती मर आहे. पाणी कमी करा, तो ट्रे बाजूला काढा, कॉपर ऑक्सिक्लोराईड 30 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून झारीनं द्या. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर दोन्ही एकत्र देऊ नका.
▪️ वाढ थांबली म्हणून युरिया देऊ नका. थंडीत रोप हळूच वाढणार. खरी पानं आल्यावर 19:19:19 लिटरला 2-3 ग्रॅम पुरे.

*5️⃣ रोप देताना*
शेवटचे 4-5 दिवस पाणी कमी, ऊन जास्त, म्हणजे रोप कणखर होतं. पावतीवर वाण, बियाण्याचा लॉट नंबर आणि पेरणीची तारीख लिहा. बियाण्याची रिकामी पाकिटं हंगाम संपेपर्यंत फेकू नका. उद्या तक्रार आली तर तोच पुरावा. फळझाडांची रोपं-कलमं विकायची असतील तर कृषी विभागाचा परवाना आधी काढा.

👉 आजच वहीत तीन रकाने आखा: गिऱ्हाईकाचं नाव, लागवडीची तारीख, पेरणीची तारीख. रोपांवर काही शंका आली तर पानाच्या *खालच्या बाजूचा* आणि बुडाचा फोटो ग्रुपवर टाका, पाहून सांगतो.

आपला कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी, मलकापूर