आधी वही, मग चहा

ग्वाल्हेरच्या लश्करातल्या वाड्याच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या म्हणतोस, तर खुशाल दे. डिसेंबरात तानसेन समारोह, त्याला लागूनच मेळा, माणसं येतील. पण आत्याचं चार गोष्टींत ऐक.

पहिलं, मध्य प्रदेश टुरिझम बोर्डाकडे नोंदणी कर. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत एक ते सहा खोल्या चालतात, पण घरमालकाने त्याच घरात राहायला हवं. किल्ली शेजारी ठेवून भोपाळहून फोनवर कारभार करणार असशील, तर ते लॉज झालं. त्याचे नियम निराळे.

दुसरं, वही. नाव, पत्ता, मोबाइल, कुठून आला, कुठे जाणार, आल्या-गेल्याची वेळ, सही. खोली एकाच्या नावावर आणि झोपायला चौघे, तर चौघांचीही नोंद हवी. आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी घे. लोकांचे कागद कपाटात उघडे पडू देऊ नकोस. कलेक्टर वेळोवेळी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) आदेश काढतात. त्यात माहिती पोलीस ठाण्यात द्यायला सांगितलं असेल, तर देऊन पोच घे.

तिसरं, परदेशी पाहुणा. पासपोर्ट-व्हिसा बघून २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं. लोक त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. पैसे न घेता, ओळखीने उतरवलास तरी हे चुकत नाही. रात्री अकराला आला तर सकाळवर ढकलू नकोस. सकाळी वीज गेली की नेटही जातं.

चौथं, खोलीला जोडून न्हाणीघर काढायच्या आधी नकाशा बघ. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा हजिऱ्यात मोहम्मद घौसच्या मकबऱ्याजवळ घर असलेल्यांनी तर गवंड्याला हाक मारण्याआधीच चौकशी करावी.

संपत्तिकर घरगुती दराने की व्यापारी, विजेचं मीटर कोणतं, हे अर्ज देऊन लेखी विचार. खिडकीवरच्या ‘चलता है’ची पावती मिळत नसते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर जीएसटीचंही बघावं लागेल.

पाहुणा दमूनभागून आलेला असतो, लगेच कागद काय मागायचे, असं तुला वाटेल. माग. चहा टाकायला सांग आणि उकळेपर्यंत वही पुढे कर. आणि हो, पेनाने लिही. पेन्सिलीची नोंद ठाण्यात कुणी मानत नाही.