न कमावलेला मान

मी परिचारक आहे. दवाखान्याच्या भाषेत ब्रदर. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून येऊन, नर्सिंगचा जीएनएम हा अभ्यासक्रम करून मी पुण्याच्या एका खाजगी रुग्णालयात लागलो, तेव्हा सर्जरी वॉर्डात तिन्ही पाळ्या मिळून 19 सिस्टर होत्या आणि ब्रदर मी एकटा. त्याला आता 13 वर्षं झाली. नर्सिंगला नुकतीच लागलेली मुलं मला विचारतात, एवढ्या बायकांत एकट्यानं कसं निभवायचं? त्यांना धास्ती असते टिंगलीची, एकटं पडण्याची. ते थोडंफार माझ्याही वाट्याला आलं, पण त्यानं माझं काही बिघडलं नाही. बिघडलं ते मला न मागता मिळालेल्या मानानं. त्याच्यापासून सावध करायला कुणीच नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या वॉर्डात एक रेसिडेंट डॉक्टर मॅडम होत्या. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तरी नातेवाईक त्यांना म्हणायचे, "सिस्टर, सलाईन संपलंय." आणि मी समोर दिसलो की हात जोडायचे, "डॉक्टरसाहेब, आमच्या पेशंटला सुट्टी कधी?" मॅडम शांतपणे सांगायच्या, "मी डॉक्टर आहे." मी मात्र 'मी ब्रदर आहे' असं सांगत नसे. गावाकडे माझे वडील पाहुण्यांना "पोरगा हॉस्पिटलात आहे" एवढंच सांगून विषय बदलायचे. नर्स हा शब्द आपल्याकडे बाईचाच. अशा घरातून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला 'डॉक्टरसाहेब' ऐकून बरं वाटायचं, आणि मी ते बरं वाटू देत होतो.

एका नाइटला, पहाटे साडेपाचच्या सुमारास, मी टेंपरेचर घेत फिरत होतो. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या एका शेतकऱ्याची बायको कॉटपाशी उभी होती. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, रातीपासून यांच्या पोटात काही न्हाई. कपभर चहा देऊ का?" त्यांची फाइल दोन हातांवर होती. ती न उघडता मी म्हणालो, "द्या घोटभर, काही होत नाही."

त्यांचं ऑपरेशन सकाळच्या यादीत पहिलंच होतं आणि फाइलवर 'उपाशी ठेवणे' असं ठळक लिहिलेलं होतं. भूल देताना पोट रिकामं लागतं, कारण बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर माणूस दगावू शकतो. नितळ पाण्याला साधारण 2 तास पुरतात. दुधाचा चहा हा अन्नात धरतात, त्याला 6 तास लागतात. हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण त्या क्षणी बोलला तो 'डॉक्टरसाहेब'. ब्रदरनं आधी फाइल पाहिली असती.

भूलतज्ज्ञांनी विचारलं तेव्हा चहाचं कळलं, आणि ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. त्या शेतकऱ्याचा मुलगा कारखान्यातून मोठ्या मुश्किलीनं रजा काढून आला होता, तो ऑपरेशन न होताच परत गेला. सर्जन वॉर्डात येऊन इनचार्ज सिस्टरवर कडाडले, "तुमच्या सिस्टरांना एवढंसुद्धा समजत नाही?" मी त्यांच्या शेजारी ट्रे धरून उभा होतो. 'सिस्टर' या शब्दात मी येत नव्हतो, आणि त्या शब्दाआड मी लपलो. शेतकऱ्याची बायको परोपरीनं सांगत होती, "डॉक्टरांनीच सांगितलं द्या म्हणून." त्या वेळेला वॉर्डात कोणीही डॉक्टर आलेले नव्हते, तेव्हा सगळ्यांनी तिलाच खोट्यात काढलं. तिच्या मुलानंसुद्धा.

चार दिवस मी गप्प राहिलो. पाचव्या दिवशी पुढच्या पाळीला ओव्हर दिल्यावर इनचार्ज सिस्टरला गाठून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा "होतं असं" म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतोस? घटनेच्या रजिस्टरात तुझ्या नावानं लिही. आणि त्या बाईंना सांगून ये, अजून सुट्टी झालेली नाही त्यांची." मी कॉटपाशी जाऊन सांगितलं की मी डॉक्टर नाही, त्या पहाटे चहा द्या म्हणणारा मीच. ती बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलं का? मी खोटी न्हवते."

तेव्हापासून कुणी डॉक्टर म्हटलं की मी तिथल्या तिथे थांबवतो, "मी ब्रदर आहे, डॉक्टर त्या, त्यांना विचारून येतो." नव्या मुलांनो, याला दोन सेकंद लागतात. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि हुद्दा मराठीत, लांबून वाचता येईल असा लिहून घ्या. खाणं, पाणी, सुट्टी, खर्च यांबद्दल कुणी विचारलं तर फाइल उघडल्याशिवाय तोंड उघडू नका. डॉक्टर मॅडमना कुणी तुमच्यादेखत सिस्टर म्हणालं तर तेही दुरुस्त करा. त्यांनी स्वतः सांगितलं तर लोकांना तो तोरा वाटतो. तुम्ही सांगितलं की ती माहिती ठरते. हे अन्यायाचंच आहे, पण आहे.

हा जास्तीचा मान ओळखायला मला वाचनाची मदत झाली. क्रिस्टीन विल्यम्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1992 मध्ये नर्सिंग, प्राथमिक शाळा, ग्रंथालयं आणि समाजकार्य या चार क्षेत्रांतल्या पुरुषांबद्दल लिहिलं. पुरुषांच्या क्षेत्रात गेलेल्या बाईच्या डोक्यावर न दिसणारं काचेचं छत असतं, असं तोवर म्हटलं जात होतं. विल्यम्स यांना बायकांच्या क्षेत्रातल्या पुरुषांच्या पायाखाली काचेचा सरकता जिना सापडला. नुसतं उभं राहिलं तरी तो वर नेतो. पुढे पोस्ट-बेसिक नर्सिंग करताना हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ट्रे धरून उभा असलेला मी आलो.

या धंद्याचा दरवाजा पुरुषांना बंद होता, हेही खरं आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली ती मुलींसाठी. अमेरिकी सैन्याच्या नर्सिंग दलात पुरुषांना प्रवेश मिळायला 1955 उजाडलं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं पुरुषांना सभासद करून घेतलं ते 1960 मध्ये. आपल्याकडचा नर्सिंगचा एएनएम हा अभ्यासक्रम आजही मुलींसाठीच आहे. दाराशी अडवलं गेल्याची तक्रार आपण पुरुष मोठ्यानं करतो. आत गेल्यावर मिळालेल्या जिन्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता पेशंटच्या अंगाला हात लावण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. ईसीजी काढायचा, लघवीची नळी घालायची, कमरेत इंजेक्शन द्यायचं, आणि पेशंट बाई आहे. पहिल्या वर्षी एका आजींनी मला हात लावू दिला नाही. "नातवासारखा हायेस, पण सिस्टरला बोलाव." मला तो अपमान वाटला. मी शिकलेलो आहे, माझ्या मनात काही नाही, मग हा अविश्वास का? हे मी चेंजिंग रूमच्या बाहेर एका सिस्टरपाशी तावातावानं बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या मनात काय आहे ते आजींनी का तपासत बसावं? त्यांचं अंग आहे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आम्ही रोज परक्या पुरुषांना नळी घालतो. कोण काय बोलतं, कसं बघतं, ते आम्हाला कोणी विचारलं आहे का?" मी त्यांना कधीच विचारलं नव्हतं.

यात नियम सोपे आहेत. आधी स्वतःचं नाव आणि हुद्दा सांगायचा. काय करणार, का करणार, हे कपड्याला हात लावण्याआधी सांगायचं. "चालेल ना? की सिस्टरना बोलावू?" असं विचारायचं, आणि "सिस्टरना" हे उत्तर आलं तर चेहरा न बदलता निघायचं. पेशंट हो म्हणाली तरी सिस्टर किंवा मावशी सोबत हवीच, पडदा पूर्ण ओढलेला हवा, आणि सोबत कोण होतं ते फाइलवर लिहायचं. रात्री स्टाफ कमी असतो, मावशी दुसऱ्या वॉर्डात असते. काम तातडीचं नसेल तर थांबा. तातडीचं असेल तर शेजारच्या वॉर्डातून माणूस मागवा आणि किती वाजता मागवला ते लिहा. पेशंट पुरुष असेल आणि तुम्ही ड्युटीवर असाल, तर नळीचं काम आपण होऊन अंगावर घ्या. सिस्टरना ते मागावं लागू नये.

बरेच नवे ब्रदर मला हळूच म्हणतात, "सर, कोणी खोटी तक्रार केली तर?" कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा स्वतः वाचा. ज्या आस्थापनेत 10 किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष स्त्री असते, निम्मे तरी सदस्य स्त्रिया असतात, आणि बाहेरची एक व्यक्तीही असते. तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत करायची असते आणि ती नोकरीतली बाईच नव्हे, पेशंट म्हणून आलेली बाईही करू शकते. ज्यानं विचारून, सोबत घेऊन, लिहून काम केलं त्याच्यापाशी सांगायला सगळं असतं. या कायद्याखाली पुरुषाला स्वतःची तक्रार करता येत नाही, हेही माहीत असू द्या. तुम्हाला कोणी त्रास दिला तर गप्प न बसता इनचार्जला आणि मेट्रनला लेखी द्या. मला स्वतःला ती वेळ आली नाही, पण एका ज्युनिअरवर आली होती आणि लाजेपोटी त्यानं नोकरी सोडली. त्यानं सांगितलं असतं तर आम्ही सगळे उभे राहिलो असतो.

बाकीचं थोडक्यात. जड पेशंट उचलायला ब्रदरलाच हाक मारतात. जा, पण एकट्यानं उचलू नका. चादरीनं चौघांनी सरकवायची पद्धत शिका, चाळिशीच्या आत कंबर गेलेले ब्रदर मी पाहिले आहेत. नातेवाईक अंगावर आले की "ब्रदर, तू पुढे हो" म्हणतात. तुम्ही नर्स आहात, पहारेकरी नाही. सुरक्षारक्षकाला बोलवा. महाराष्ट्रात 2010 पासून यासाठी वेगळा कायदा आहे, नर्सवर हात उचलणाऱ्याला त्यात 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कपडे बदलायला ब्रदरांना बहुतेक ठिकाणी खोली नसते. मी दोन वर्षं चादरींच्या कपाटाआड बदलत होतो. अर्ज केल्यावर तीन आठवड्यांत खोली मिळाली. सिस्टरांच्या खोलीत दार वाजवल्याशिवाय जाऊ नका, आणि डब्याला बोलावलं तर एकदा तरी बसा. मी संकोचानं सहा महिने जिन्यात बसून जेवलो. त्या मला घमेंडी समजत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

आता जे सांगायला मला जड जातं ते.

मला शीर धरायला शिकवलं ते आमच्याच वॉर्डातल्या एका सिस्टरनं. केमोथेरपी घेऊन शिरा करपलेले पेशंट, सुरकुतलेले म्हातारे हात, हे सगळे तिच्याकडे यायचे. ती हात खाली लोंबू द्यायची, कोमट फडकं ठेवायची आणि डोळे दुसरीकडे करून बोटानं चाचपायची. "बघू नकोस, बोटाला विचार," म्हणायची. तिची 16 वर्षं झाली होती, माझी 6. इनचार्ज सिस्टर निवृत्त झाल्या आणि ती जागा मला देऊ केली गेली. कारण सांगितलं ते असं : "रात्री-अपरात्री धावपळ करायला पुरुष बरा. तिला घरचं बघावं लागतं." तिला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. मी घरी फोन केला. वडील पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल खुशीनं बोलले, आणि मी हो म्हणालो.

तिनं भांडण केलं नाही. पहिल्या दिवशी तिनंच मला किल्ल्या मोजून दिल्या, कोणत्या कपाटाचं कुलूप अडकतं तेही दाखवलं. महिन्याभरात तिनं डायलिसिसला बदली मागून घेतली. तिच्यामागे दोघी नोकरी सोडून गेल्या. वॉर्ड मी चालवला, कागदोपत्री चांगला चालवला. पण अवघड शिरांचे पेशंट दोन-दोन, तीन-तीन वेळा टोचले जाऊ लागले, कारण शिकवणारा हात गेला होता.

तुम्हालाही अशी बढती देऊ केली जाईल, बहुधा तुम्हाला वाटतं त्याच्या आधीच. ती घेण्यापूर्वी सेवाज्येष्ठतेची यादी मागा, आणि यादीत तुमच्या वर जिचं नाव आहे तिला विचारलं होतं का, हे लेखी विचारा. पुढे साहाय्यक मेट्रनच्या जागेसाठी माझं नाव आलं तेव्हा मी तसं पत्र दिलं. पाच महिने जागा रिकामी ठेवून त्यांनी बाहेरून माणूस आणला. यादीत माझ्या वर असलेल्या दोघींपैकी कोणालाच ती मिळाली नाही.

ती सिस्टर अजून डायलिसिसलाच आहे. आमच्याकडे कुणाचीच शीर लागेना झाली की मी तिला फोन करतो. ती येते, हात खाली लोंबू देते, बोटानं चाचपते, सुई लावते, फाइलवर सही करते आणि आपल्या वॉर्डात परत जाते.