प्रत्येक गाडीला उभं राहायला कारण हवं

पुणे,
दिवाळी पाडवा

चि. सलील यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या तळघरातल्या छोट्या रेल्वेच्या लेआउटचे फोटो ताईने दाखवले. रूळ छान बसलेत, वळणं सैल घेतली आहेस, निकेल प्लेट रोड या अमेरिकन रेल्वेचं बर्कशायर जातीचं वाफेचं इंजिन तर देखणंच आहे. पण तू विचारलंयस मोटारींच्या शोरूमबद्दल. "सगळं आणलं, सगळं लावलं, तरी खोटं का दिसतं?" मी क्लीव्हलंडला होतो तेव्हा याच छंदात बरीच वर्षं बोटं चिकट करून घेतली आहेत, म्हणून हक्काने लिहितो.

तुझ्या शोरूमसमोर निदान चाळीस मोटारी आहेत. सगळ्या चकचकीत, सगळ्या एका रांगेत, आणि त्यातली कुठलीही तिथे का उभी आहे ते कळत नाही. घोडं इथेच पेंड खातं. लेआउटवर गाडी ठेवायची तर तिला तिथे उभं राहायला कारण हवं. एवढं एक पाळलंस, तर बाकीचं सगळं त्याच्या मागून येईल.

आता हे मोटारींच्या बाबतीतच एवढं का महत्त्वाचं? आपल्या छंदात आगगाडी पळते आणि बाकीचं जग गोठलेलं असतं. रस्त्याच्या मधोमध ठेवलेली मोटार पहिल्या फेरीला खपून जाते. मालगाडी दुसऱ्यांदा फिरून आली आणि मोटार अजून तिथेच दिसली, की सोंग उघडं पडतं. जर्मनीतल्या फालर कंपनीने १९८९ मध्ये यावर इलाज काढला. रस्त्याखाली पोलादी तार, मोटारीच्या पुढच्या चाकांना जोडलेलं चुंबक आणि पोटात बॅटरी. तार वळेल तशी गाडी वळते. हॅम्बुर्गला २००१ साली सुरू झालेल्या मिनिएचर वुंडरलँडमध्ये तर संगणकाच्या हुकमाने अग्निशामक बंब गावभर धावतात. तू लगेच त्या वाटेला जाऊ नकोस. आधी खऱ्या जगातही मोटारी जिथे उभ्याच असतात, अशा जागा हेर. रेल्वेचं फाटक, पेट्रोल पंप, स्टेशनचं आवार, रविवारी चर्चच्या बाहेरची गल्ली. या सगळ्यांत शोरूमइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण उभ्या गाड्या हाच तिथला माल.

पहिली गोष्ट मापाची. आपल्या वाड्यातल्या दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाएवढा मावळा चालतो, त्याच्या शेजारी प्लास्टिकचा वाघही चालतो. तिथे कुणी फूटपट्टी काढत नाही. एचओ स्केलमध्ये मात्र डोळाच फूटपट्टी होतो. एचओ म्हणजे १:८७. १९५७ची शेवरले बेल एअर खरी सुमारे ५ मीटर ८ सेंटीमीटर लांब, म्हणजे तुझ्या टेबलावर ५८ मिलिमीटर. पावणेसहा फुटी माणूस २० मिलिमीटरचा. तू मधेमधे हॉट व्हील्सच्या गाड्या घुसडल्या आहेस. त्या साधारण १:६४च्या जवळपास, आणि त्यातही पाकिटात बसाव्यात म्हणून कमीजास्त केलेल्या. सात सेंटीमीटरची गाडी एचओच्या जगात सहा मीटरची होते, आणि तिच्या शेजारचा सेल्समन शाळकरी पोर वाटतो. त्या सगळ्या तुझ्या लेकीला देऊन टाक. हर्पा, विकिंग, बुश, ब्रेकिना यांच्या गाड्या खऱ्या १:८७च्या असतात. पार मागे, रंगवलेल्या पडद्याला लागून, एन स्केलच्या १:१६०च्या एकदोन गाड्या ठेवल्यास तर चालेल. त्या लांबवर आहेत असं वाटेल.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि हीच माझ्या मते सगळ्यांत मोठी. तुझ्या शोरूममध्ये १९५९ची उंच शेपट्यांची कॅडिलॅक आहे, तिच्याजवळ फोर्ड मस्टँग आहे. मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ला. निकेल प्लेटने वाफेची इंजिनं १९५८मध्येच थांबवली. म्हणजे तुझं ते लाडकं इंजिन आणि ती मस्टँग यांची गाठ कधीच पडली नाही. तेव्हा एक दिवस ठरव. नुसतं "पन्नासचं दशक" म्हणून भागायचं नाही. मी तुझ्या जागी असतो तर १९५७च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा घेतला असता. का ते सांगतो.

त्या काळी अमेरिकेत नवी मॉडेलं शरद ऋतूत यायची. ऑगस्टअखेर म्हणजे जुन्या सालाचा माल खपवायची घाई. तुझ्याकडच्या दोनतीन बेल एअर दर्शनी लावून वर "उरलेल्या गाड्या कमी दरात" अशी पाटी लटकव, की धंद्याची नड दिसायला लागली. आणि रस्त्याच्या पलीकडे एक रिकामं दुकान बांध. काचा आतून कागदाने झाकलेल्या, वर पाटी एड्सेलची. फोर्ड कंपनीने एड्सेलचा गाजावाजा महिनोन् महिने केला, पण ४ सप्टेंबर १९५७पर्यंत गाडी कुणाला दाखवायची नाही असा दंडक होता. पुढे ती सपाटून आपटली आणि १९५९च्या नोव्हेंबरात बंद पडली, पण तुझ्या गावाला त्याची अजून खबर नाही. कागद लावलेलं ते दुकान जे सांगेल ते चाळीस गाड्यांना सांगता येणार नाही, आणि त्यासाठी एकही गाडी विकत घ्यावी लागणार नाही.

दिवस ठरला की बाकीचे निर्णय आपोआप होतात. झाडं गच्च हिरवी, पुरुषांच्या बाह्या वर केलेल्या. खिडकीच्या काचेवर कंपनीने छापलेला किमतीचा कागद चिकटवायचा मोह टाळ. तो कागद सक्तीचा करणारा कायदा १९५८चा. रस्त्यावरच्या गाड्याही तपासून घे. सगळं गाव १९५७च्याच गाड्या चालवतंय, हे कुठल्याच सालात खरं नसतं. बहुतेकांकडे १९४९ ते १९५५च्या गाड्या असणार. युद्धापायी फेब्रुवारी १९४२मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं ते १९४५पर्यंत, म्हणून मधल्या सालांची मॉडेलं नाहीतच. युद्धाआधीची एखादी गाडी ठेवायची तर खटारा करूनच ठेव, गंजलेल्या मडगार्डसकट, गॅरेजच्या मागे.

आता दुकानाकडे धंदा म्हणून बघ. लहान गावातला डीलर कारखान्याकडून गाडी घेतो ती बहुतेक कर्ज काढून; गाडी उभी तितके दिवस व्याज चढतं. तो चाळीस नव्या गाड्या कशाला उरावर घेईल? काचेआड दोन, बाहेर तीनचार, संपलं. इमारतही मोठी नको. १२ बाय ९ मीटरचं शोरूम तुझ्या टेबलावर जेमतेम १४ बाय १० सेंटीमीटरचं होईल. बाजूला जुन्या गाड्यांचं आवार कर, सहासात पुरे, वर दिव्यांची माळ आणि पताका. इथे एक बारकी गोष्ट बहुतेक जण चुकवतात. नव्या गाड्या एकाच कंपनीच्या असतात, पण जुन्या सरमिसळ. लोक आपली जुनी गाडी देऊन नवी घेतात, तेव्हा शेवरलेच्या आवारात फोर्ड, प्लिमथ, स्टुडबेकर येऊन पडणारच. आणि विकायच्या गाडीला नंबरप्लेट नसते. तुझ्या नव्या बेल एअरला प्लेट आहे, ती काढ.

मागची बाजू विसरू नकोस. तिथे वर्कशॉपचं दार अर्धं उघडं, टायरची चळत, तेलाचा पिंप, बॉनेट वर केलेली एक गाडी आणि तिच्यात डोकं खुपसलेला मेकॅनिक. माणसं थोडी ठेव, पण एकमेकांशी काही देणंघेणं असलेली. प्रायझरची माणसं चांगली मिळतात. माझ्या डोळ्यांसमोर असं आहे: दाराशी एका कुटुंबाची १९४९ची फोर्ड उभी, नवराबायको काचेतून बेल एअर न्याहाळतायत, आणि सेल्समन त्यांच्याकडे पाठ करून त्या जुन्या फोर्डभोवती फिरतोय, हिचे किती द्यायचे याचा अंदाज घेत. बघणाऱ्याला सगळा सौदा कळतो.

हातकामाबद्दल थोडं. कारखान्यातून आलेली प्रत्येक छोटी गाडी जास्तच चकाकते. शोरूममधल्या दोन तशाच ठेव. बाकीच्यांवर सॅटिन व्हार्निशचा हलका हात मार, आणि जुन्या आवारातल्यांवर मॅट. म्हणजे नवं-जुनं पाटी न वाचता कळेल. चाकांचा तळ सँडपेपरवर दोनदा घास. टायर किंचित चपटा झाला की गाडी जमिनीवर बसते, नाहीतर ती तरंगल्यासारखी दिसते. उभ्या गाड्यांपैकी काहींची पुढची चाकं जराशी वळवता आली तर वळव. रस्ता काळा रंगवू नकोस, राखाडी कर; त्या काळच्या गाड्या तेल गाळायच्या, म्हणून लेनच्या मधोमध काळपट पट्टा दे. फुटपाथची कड सहा इंची, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर. तू साबणाच्या वडीएवढी केली आहेस.

काच शेवटी लाव. सुपरग्लू तिच्या जवळपाससुद्धा आणू नकोस, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते आणि ती निघत नाही. साधा पांढरा गोंद पुरतो, वाळला की दिसत नाही. आत दिवा लावणार असशील तर भिंती आतून आधी काळ्या रंगव, वरून पांढऱ्या. नाहीतर रात्री अख्खी इमारत कंदिलासारखी पेटलेली दिसेल. पिवळसर एलईडी घे. १२ व्होल्टच्या लाइनवर हजार ओहमचा रेझिस्टर घातलास तर उजेड मवाळ पडतो. लोक साडेचारशेचा घालतात आणि मग दुकानात वेल्डिंग चाललंय असं वाटतं.

राहिला रेल्वेचा प्रश्न. हा लेआउट आगगाडीचा आहे, तेव्हा शोरूमचं रुळांशी नातं दिसलं पाहिजे. १९५७पर्यंत बहुतेक नव्या गाड्या ट्रेलरवर लादून रस्त्याने यायला लागल्या होत्या. त्यामुळे गल्लीत एक ट्रेलर उभा कर, उतार लावलेला, एक गाडी खाली उतरलेली. पण स्टेशनच्या साइडिंगवर दुहेरी दारांचा एक बंद मालडबा उभा कर. आत इव्हान्स कंपनीच्या लोखंडी मांडण्या असायच्या, त्यावर गाड्या तिरक्या उचलून ठेवत, एका डब्यात चार. अशा डब्याच्या दारावर पांढरा पट्टा असे. तो रंगव, जाणकार खूश होईल. पुढे कधी साल बदलावंसं वाटलं तर १९६० नंतरचे तिमजली उघडे डबे कर, ज्यांत १२ मोठ्या किंवा १५ छोट्या गाड्या मावत. १९७१मध्ये तर शेवरले व्हेगा नाक खाली करून उभ्या टांगत, एका डब्यात ३०. आपल्याकडे प्रवाशांचे जुने डबे खिडक्या बंद करून एनएमजी म्हणून मोटारी वाहायला वापरतात. पुढे भारतीय लेआउट केलास तर त्याला शोरूम जोडायला तेवढं निमित्त पुरेल.

लहानपणी तुला कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या मिनिएचर रेल्वेच्या म्युझियमला नेत असे. आता तिथे गेलो की मी गाड्यांपेक्षा बघणाऱ्यांकडेच बघतो. गाडी दोन फेऱ्या मारते तोवर मुलं रुळांकडे बघतात, मग त्यांचे डोळे गावात फिरायला लागतात. तुझ्या लेआउटवरही तेच होणार. त्या फिरणाऱ्या डोळ्यांसाठी शोरूम करायचं, तुझ्या कपाटातल्या संग्रहासाठी नाही. संग्रह कपाटात छान दिसतो, त्याला काच लाव आणि तिथेच राहू दे.

तेव्हा आज एकच काम कर. शोरूमसमोरच्या सगळ्या गाड्या उचल. मग एकेक हातात घेऊन स्वतःला विचार: ही कुणाची, कधीची, इथे कशाला आली? उत्तर आलं तर ठेव, अडखळलास तर डब्यात टाक. बारातेरा उरतील. तेवढ्या पुरतात.

सूनबाईंना आणि छोटीला आशीर्वाद. पाठ सांभाळ, टेबलाची उंची कोपरापर्यंत असू दे.

तुझा,
बाळूमामा