हृदय अचानक का थांबले?

मी डॉक्टर नाही, संगणक अभियंता आहे. माझे वडील ५२ व्या वर्षी सकाळी फिरायला गेले, ते परत आलेच नाहीत. 'अटॅक आला' एवढेच कळले. कारण कोणी शोधले नाही. आता मी पस्तिशी ओलांडली आहे, म्हणून हा अभ्यास.

प्रथम एक घोटाळा दूर करू. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचे काम एकाएकी बंद पडणे. पहिल्यातून दुसरा उद्भवतो, पण त्याला इतरही कारणे असतात. संगणक नुसता पुन्हा चालू करून भागत नाही, बिघाड शोधावा लागतो. तसेच हे.

अभिनेते श्रेयस तळपदे १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत कोसळले, वय ४७. विजेचे झटके देऊन हृदय सुरू केले गेले. एक वाहिनी १०० टक्के व दुसरी ९९ टक्के बंद होती, आणि आपण पूर्वी टू-डी इको केला होता, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले. मग इकोत कळले कसे नाही? कारण प्रत्येक तपासणी वेगळी गोष्ट दाखवते:

१. टू-डी इको : स्नायूची जाडी, झडपा, पंपाची ताकद. वाहिन्यांच्या आतला अडथळा नाही.

२. अँजिओग्राफी : वाहिन्यांतील अडथळे. सी.टी. अँजिओत जन्मतः भलत्या जागेहून निघालेली वाहिनीही दिसते.

३. एम.आर.आय. : स्नायूतील सूज व जुने व्रण, जे इकोत निसटू शकतात.

सारे ठीक निघाले तर दोष विद्युत यंत्रणेत असू शकतो. तो चित्रात दिसत नाही. त्यासाठी ई.सी.जी. व जनुकीय तपासणी.

कारण कळले की उपाय ठरतो. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन १२ जून २०२१ रोजी मैदानात कोसळला. छातीत झटका देणारे यंत्र बसवून तोच २२ नोव्हेंबर २०२२ रोजी आपल्या कतारमध्ये, एज्युकेशन सिटी स्टेडियमवर विश्वचषक खेळला!

आणि कारण घरच्यांसाठीही महत्त्वाचे. स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार आईवडिलांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणून घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मी व माझ्या धाकट्या भावाने तपासणीची वेळ घेतली आहे.

शेवटी, कोणी कोसळून श्वास थांबला तर ९९९ फिरवा आणि लगेच छाती दाबू लागा. माणूस वाचला, तरच कारण शोधता येते.