हे मृत कोणाचे?
(कॅनडा देशाच्या राष्ट्रीय स्मरणदिनावरून एक पाठ)

वाचनासाठीं: २ शमुवेल, अध्याय २१, वचनें १ ते १४.



कोणाच्या घरीं मृत्यु झाला म्हणजे त्या दिवशीं त्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजारणी भाकरी घेऊन येतात, भावकी जमते, आणि दूरचा मनुष्यहि दारांत येऊन क्षणभर बसून जातो. बोलणें फार होत नसतें. तथापि त्या बसण्यानेंच एक गोष्ट सांगितली जाते, ती ही कीं, तुमचें माणूस तें आमचेंहि होतें. उलट, बातमी कळूनहि शेजाऱ्यांनीं आपापलीं दारें लावून घेतलीं, तर त्या घरावर दुहेरी घाव बसतो; एक मृत्यूचा, आणि दुसरा परकेपणाचा.

जें एका आळीचें तेंच एका राष्ट्राचें. राष्ट्रहि शोक करणाऱ्यांस दार लावूं शकतें, आणि पुढें आपली चूक ओळखून तें उघडूंहि शकतें. कॅनडा देशांत दरवर्षीं २३ जून हा दिवस दहशतवादास बळी पडलेल्यांचा राष्ट्रीय स्मरणदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाचा इतिहास म्हणजे असें एक लावलेलें दार हळूहळू कसें उघडलें याचा इतिहास आहे. त्याचा आपण या पाठांत विचार करूं.

१. घडलें तें काय

इ. स. १९८५ च्या जून महिन्यांत एअर इंडियाचें "कनिष्क" नांवाचें मोठें विमान कॅनडांतून भारताकडे निघालें. टोरांटो, माँट्रिऑल, लंडन, दिल्ली व शेवटीं मुंबई असा त्याचा मार्ग होता. उन्हाळ्याच्या सुटीचे दिवस होते. कॅनडांत स्थायिक झालेलीं अनेक कुटुंबें मुलांना आजीआजोबांची भेट घडवावी म्हणून मायदेशीं निघालीं होतीं. विमानांत ३०७ प्रवासी व २२ कर्मचारी होते.

ता. २३ रोजीं सकाळीं, लंडनला पोहोंचण्यास थोडाच अवधि राहिला असतां, आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रावर सुमारें ३१,००० फुटांच्या उंचीवर, सामानाच्या कोठारांत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. विमान समुद्रांत कोसळलें. ३२९ जणांपैकीं एकहि वांचला नाहीं. मृतांत ऐंशींहून अधिक लहान मुलें होतीं, आणि कित्येक कुटुंबें समूळ नाहींशीं झालीं. १३१ प्रेतें तेवढीं हातीं लागलीं; बाकीच्यांस समुद्राखेरीज दुसरी समाधि मिळाली नाहीं.

त्याच दिवशीं, या स्फोटाच्या सुमारें एक तास आधीं, जपानांतील नारिता विमानतळावर दुसरा एक बॉम्ब फुटला. तोहि एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठीं पाठविलेल्या सामानांत होता. तेथें सामान उचलणारे दोन जपानी मजूर मरण पावले.

याचें मूळ कोठें होतें? १९८४ च्या जूनमध्यें अमृतसरच्या सुवर्णमंदिरांत लष्करी कारवाई झाली. तिनें शीख बांधवांचें अंतःकरण विदीर्ण झालें. ३१ ऑक्टोबर रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा खून झाला, आणि त्यानंतर दिल्लींत व इतरत्र हजारों निरपराध शिखांची कत्तल झाली. हें दुःख खरें होतें, आणि त्याची दाद मागणें न्याय्य होतें. परंतु कॅनडांतील कांहीं अतिरेक्यांनीं त्या दुःखाचा सूड अशा लोकांवर उगविला, कीं ज्यांचा त्या अन्यायाशीं कांहींएक संबंध नव्हता. दहशतवादाचें खरें स्वरूप हेंच आहे. तो अपराध्यास शोधीत नाहीं. जो हातीं लागेल त्यास अपराधी ठरवितो.

२. मृत कोणाचे?

मृतांपैकीं २६८ जण कॅनडाचे नागरिक होते. तेथें त्यांचीं घरें होतीं, तेथें ते नोकरीधंदा करीत, तेथील शाळांत त्यांचीं मुलें शिकत. असें असतांहि त्या देशाचे तेव्हांचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनीं भारताचे पंतप्रधान राजीव गांधी यांस फोन करून सहानुभूति कळविली. शेजाऱ्याच्या घरीं मृत्यु झाला असतां जसा समाचार घ्यावा, तसा तो समाचार होता. वास्तविक मृत्यु त्यांच्याच घरीं झाला होता. शोकग्रस्त कुटुंबांना त्या एका गोष्टीचें शल्य पुढें अनेक वर्षें टोंचत राहिलें. जन्मानें, वर्णानें व नांवानें जे वेगळे दिसतात, ते मेल्यावरहि परकेच राहतात काय, असा प्रश्न त्यांस पडला.

याच्या उलट, ज्यांचा या घटनेशीं कांहींच संबंध नव्हता अशा आयरिश लोकांचें वर्तन पाहावें. तेथील आरमाराचे खलाशी व इतर जहाजांवरील माणसें समुद्रांतून प्रेतें काढीत होतीं. कॉर्क शहराच्या रुग्णालयांत परिचारिका व डॉक्टर त्या प्रेतांची व आलेल्या नातलगांची व्यवस्था पाहत होते. गांवकऱ्यांनीं शोकाकुल परदेशी लोकांस आपल्या घरांत घेतलें. पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं, म्हणजे २३ जून १९८६ रोजीं, आहाकिस्ता नांवाच्या समुद्रकांठच्या लहानशा खेड्यांत स्मारक उभें राहिलें. त्यांत एक सूर्यघटिका आहे. तेव्हांपासून दरवर्षीं त्या दिवशीं सकाळीं तेथें लोक जमतात, आणि दूरदेशांहून आलेल्या नातलगांबरोबर गांवकरीहि उभे राहतात. त्या खेड्यानें पहिल्याच दिवशीं, हे आमचे, असें म्हटलें. ज्या राष्ट्राचे ते नागरिक होते, त्यास तें म्हणावयास वीस वर्षें लागलीं.

३. दार कसें उघडलें

या वीस वर्षांत नातलग स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं सरकारास पत्रें लिहिलीं, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, न्यायालयांत दिवसांमागून दिवस बसून साक्षी ऐकल्या. परंतु १६ मार्च २००५ रोजीं खटल्याचा निकाल लागला, तेव्हां दोन्ही आरोपी निर्दोष म्हणून सुटले. या कटांत आजपर्यंत एकाच मनुष्यास शिक्षा झाली आहे. त्यानें बॉम्ब तयार करण्यास साहाय्य केलें होतें.

त्याच वर्षीं, वीसाव्या स्मृतिदिनास, पंतप्रधान पॉल मार्टिन स्वतः आहाकिस्ता येथें गेले, आणि २३ जून हा राष्ट्रीय स्मरणदिन ठरला. पुढें २००६ सालीं निवृत्त न्यायाधीश जॉन मेजर यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-आयोग नेमला गेला. २०१० सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला. या अहवालाच्या नांवांतच ही कॅनडाची दुःखद घटना होय, असें स्पष्ट म्हटलें आहे.

आयोगानें सरकारचे दोष झांकून ठेवले नाहींत. गुप्त खात्याचे लोक कटवाल्यांवर पाळत ठेवीत होते. स्फोटाच्या सुमारें तीन आठवडे आधीं त्यांनीं रानांत मोठा आवाजहि ऐकला होता, पण त्याचा अर्थ त्यांस उमगला नाहीं. संशयितांचीं संभाषणें टिपलेल्या फितींपैकीं बहुतेक पुसून टाकण्यांत आल्या. व्हँकुव्हर येथें एका मनुष्यानें हट्ट धरून आपली बॅग थेट पुढच्या विमानासाठीं चढवून घेतली, आणि स्वतः मात्र तो विमानांत बसलाच नाहीं. त्याची बॅग त्याच्याविना जात आहे हें कोणी ताडून पाहिलें नाहीं. टोरांटो येथें सामान तपासणारें क्ष-किरण यंत्र त्याच दिवशीं बंद पडलें होतें. दुष्टांनीं दुष्टपणा केला हें खरें. पण ज्यांच्या हातीं राखण होती ते सावध नव्हते, हेंहि तितकेंच खरें. २३ जून २०१० रोजीं, पंचविसाव्या स्मृतिदिनीं, पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनीं टोरांटो येथें नातलगांसमोर सरकारच्या वतीनें क्षमा मागितली.

४. रिस्पा खडकावर बसली

वर दिलेल्या शास्त्रभागांत रिस्पा नामक एका मातेची हकीकत आहे. शौल राजानें गिबोनकरांवर जुलूम केला होता. त्याचा बदला म्हणून त्याच्या घराण्यांतील सात पुरुषांना डोंगरावर फांशी देण्यांत आलें. त्यांत दोन तिचे पुत्र होते. अपराध एकाचा व मरण दुसऱ्यांचें! रिस्पेच्या हातीं सत्ता नव्हती, सैन्य नव्हतें. तिनें खडकावर गोणपाट पसरलें, आणि कापणीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथें बसून राहिली. दिवसा तिनें पांखरांस व रात्रीं श्वापदांस प्रेतांना शिवूं दिलें नाहीं.

तिनें सूड मागितला असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. ती केवळ बसली. आणि तें बसणें राजाच्या कानीं गेलें. तेव्हां दावीद राजानें त्या सर्वांच्या अस्थि गोळा करविल्या, आणि शौल व योनाथान यांच्या अस्थींसह त्यांची योग्य व्यवस्था लाविली. एका विधवेच्या जागरणानें राजास आपलें कर्तव्य दिसलें.

कनिष्क विमानांतील मृतांच्या नातलगांनीं हेंच केलें. रिस्पेजवळ राखावयास निदान देह तरी होते. त्यांच्यापैकीं बहुतेकांजवळ तेहि नव्हते. त्यांनीं नांवें राखलीं, आणि विस्मृतीच्या पांखरांस तीं टोंचूं दिलीं नाहींत. राष्ट्रीय स्मरणदिन हें त्या जागरणाचें फळ आहे.

५. स्मरण कसें करावें

पहिली गोष्ट, स्मरण सत्यास धरून असावें. किती मेले, कसे मेले, कोणाच्या हातून व कोणाच्या हयगयीनें मेले, हें मुलांस नीट सांगितलें पाहिजे. २०२३ सालीं कॅनडांत घेतलेल्या एका लोकमत-चाचणींत दहांपैकीं सुमारें नऊ जणांस या घटनेविषयीं थोडीच माहिती होती किंवा मुळींच नव्हती. कायद्यानें दिवस नेमतां येतो. आठवण मात्र घराघरांतच राखावी लागते.

दुसरी गोष्ट, स्मरणाचें रूपांतर एखाद्या जातीच्या अथवा धर्माच्या द्वेषांत होऊं देऊं नये. त्या विमानाचा सहवैमानिक शीख होता, आणि प्रवाशांतहि शीख होते. कॅनडांतील पंजाबी पत्राचे संपादक तारासिंग हायेर यांनीं अतिरेक्यांविरुद्ध निर्भयपणें लिहिलें, आणि या कटासंबंधीं आपणांस ठाऊक असलेली गोष्ट पोलिसांस सांगितली. १९८८ सालीं त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या व ते पंगु झाले. १९९८ सालीं त्यांचा खून झाला. सत्यासाठीं प्राण देणारा हा मनुष्यहि शीखच होता. जो मनुष्य कांहींच्या अपराधाकरितां सबंध समाजास दोष देतो, तो नकळत दहशतवाद्याचाच न्याय चालवितो.

तिसरी गोष्ट, स्मरणाबरोबर आपल्या हयगयीचा कबुलीजबाबहि असावा. दुसऱ्याच्या क्रौर्याचें वर्णन करणें सोपें आहे. आपला पहारा कोठें ढिला पडला, हें पाहणें कठीण आहे. पण पुढचे प्राण त्यानेंच वांचतात.

हें सर्व दूरदेशींचें आहे, असें म्हणून हा पाठ बाजूस ठेवूं नये. त्या विमानाचा शेवटचा मुक्काम मुंबई होता. आणि खुद्द मुंबईनें १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६ व २६ नोव्हेंबर २००८ हे दिवस पाहिले आहेत. संयुक्त राष्ट्रसंघानेंहि २०१७ सालीं ठराव करून २१ ऑगस्ट हा दिवस सर्व जगांतील अशा बळींच्या स्मरणासाठीं नेमला आहे. त्या दिवशीं मंडळींत दोन मिनिटें शांत उभें राहणें हें चांगलें. परंतु आपल्या गांवांत ज्याच्या दुःखाकडे कोणी फिरकलें नाहीं, अशाच्या दारीं भाकरी घेऊन जाणें हें त्याहून चांगलें. परक्याच्या मृतास जो आपला म्हणतो, त्याच्याच तोंडीं स्मरण हा शब्द शोभतो.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. कॅनडाच्या पंतप्रधानांनीं भारतास सहानुभूति कळविली, याचें शोकग्रस्त कुटुंबांस दुःख कां वाटलें?
२. आहाकिस्ता येथील गांवकऱ्यांपासून आपल्या मंडळीनें काय शिकावें?
३. रिस्पेनें सूड न मागतां काय साधलें?
४. आपल्या गांवांत कोणाचे मृत अद्याप परके मानले जातात? त्यांच्या घरीं या आठवड्यांत कोण जाईल?