म्हाइंभटांची साक्ष आणि विद्यार्थ्यांचे शिक्षण

सूत्रपाठात ‘विचार’ प्रकरणानंतर ‘आचार’ प्रकरण येते. पाठ करणारा विद्यार्थी एकातून दुसऱ्यात सहज जातो. ज्ञानदात्याला मात्र मधले अंतर स्वतः चालावे लागते. कारण विद्यार्थी त्याचा विचार कानांनी ऐकतो आणि आचार डोळ्यांनी पाहतो. या दोहोंत विसंगती दिसली की तो डोळ्यांवरच विश्वास ठेवतो. मुलांना सचोटी कोणत्या ग्रंथातून शिकवावी, असा प्रश्न नामधारक मंडळी विचारतात. लीळाचरित्रात काय सांगितले आहे तेवढेच न शिकविता तो ग्रंथ कसा सिद्ध झाला हेही शिकवावे, असे त्याचे उत्तर आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर आचार्य श्रीनागदेव रिद्धपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहिले. तेथेच वाजेश्वरीच्या स्थानी म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या, अभ्यासक हा काळ सुमारे शके १२०० (इ.स. १२७८) मानतात. म्हाइंभट हे सराळ्याचे, शास्त्रात निष्णात आणि वादात कुशल. चार ऐकीव गोष्टींवर पांडित्याचा साज चढवून सुरस ग्रंथ रचणे त्यांना मुळीच अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. ज्याने जी लीळा अनुभवली त्याच्याकडे ते स्वतः गेले, त्याच्या मुखातून ती ऐकली आणि आचार्यांकडून तिची खात्री करून घेतली. एकांकातील लीळांच्या वेळी भक्तपरिवार सोबत नव्हता. त्या स्वामींनीच पुढे भक्तांना निरूपिल्या, म्हणून त्या नोंदता आल्या. वादात दुसऱ्याला निरुत्तर करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या पंडिताने आता दुसऱ्याचे ऐकत बसावे, हा पालट लहान नव्हे.

याहून मोलाची गोष्ट पोथ्यांत दिसते. एखाद्या लीळेविषयी आठवणी भिन्न असल्या, तर त्यांतली गैरसोयीची आठवण गाळलेली नाही. हिराइसांचा पाठ, परशरामबासांचा शोध, अमुक वासना अशा खुणा करून दोन्ही पाठ राखले आहेत. परमेश्वराच्या चरित्रात आपल्या पदरचे काही घालू नये, हे भय त्यामागे आहे.

आचार्यांचे वर्तनही याच जातीचे. केशोबासांसारख्या पंडितांनी संस्कृतातून प्रश्न केला, तेव्हा स्वामींनी आपणास मराठीतूनच निरूपण केले आहे, असे सांगून त्यांनी मराठीतच विचारावयास लावले. पुढे केशोबासांच्या संस्कृत रचनेसही, वृद्ध बाया ज्ञानाला वंचित होतील म्हणून, त्यांनी आवर घातला. आपणास जे येत नाही ते येत असल्याचा आव आणणे आचार्यांना सहज टाळता आले आणि विद्वान शिष्याने ते मानले.

आता हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. हळद व सोयाबीन पिकविणारा हा प्रदेश. समजा, उपदेशी घरातला एक मुलगा सकाळी नामस्मरण करतो, दिवसा शाळेत जातो आणि हंगामात वडिलांबरोबर बाजार पाहतो. तेथे ओलसर हळद पोत्याच्या तळाशी आणि वाळलेली वर भरताना त्याने पाहिली, तर त्या दिवशीचा धडा त्याला मिळाला. पुढे त्यानेच परीक्षेत शेजाऱ्याचे उत्तर उतरविले म्हणून वडिलांनी हात उगारावा, यात न्याय कोणता?

आणि हा दोष प्रपंचातल्या माणसांचाच आहे असे समजून भिक्षुकाने निश्चिंत राहू नये. आश्रमात मुलाने शंका विचारली, उत्तर ठाऊक नव्हते, तरी दहा वाक्ये बोलून वेळ मारून नेली, असे घडते. सभेचे समाधान होते. मुलाचे होत नाही. त्याऐवजी, “हे गुरुमुखातून ऐकलेले नाही, विचारून सांगू” असे म्हणावे आणि चार दिवसांनी, मुलगा विसरला असला तरी, त्याला बोलावून सांगावे. लीळेचे दोन पाठ आले तर दोन्ही वाचून दाखवावेत, कोणता कोणाचा तेही सांगावे. “यांतला खरा कोणता?” असे तो विचारीलच. तेव्हा पोथी न मिटता म्हाइंभटांची हकीकत त्याला प्रथमपासून सांगावयास घ्यावी.